लॅमिंग्टन रोडची एक फेरी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते विचाराल तर लोक तोंडाकडे पाहतील!

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला दोन जुने थिंकपॅड लॅपटॉप मिळाले होते. टी-४२०, २०११ सालचे मॉडेल. चार्जर काढला की बंद, वाय-फाय तर लागतच नव्हते. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अडले, म्हणून पिशवी खांद्याला लावून आम्ही निघालो.

पहिल्या दुकानात खोकेबंद ‘ओरिजिनल’ बॅटरी स्वस्तात दाखवली. तारीख पाहिली तर कित्येक वर्षांपूर्वीची. लिथियमची बॅटरी न वापरताही पडून पडून म्हातारी होते. आम्ही नमस्कार केला.

पुढे गल्लीत एक पोरगा भेटला. त्याने खटका सरकवून जुनी बॅटरी काढली, ताज्या तारखेची बसवली. कार्ड आम्ही कोणतेही स्वस्त मागत होतो. तो म्हणाला, “काका, ह्या यंत्रात मंजूर कार्डांची यादी असते. बाहेरचे घातले तर १८०२ नंबरची चूक दाखवून सुरूच होणार नाही.” यंत्रातही प्रवेशबंदी! आम्हाला हसू आले. त्याने भाग क्रमांक ताडून यादीतले इंटेल ६२०५ कार्ड दिले, कीबोर्ड उचलून दोन बारीक वायरी जोडल्या. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका म्हणून त्यानेच ठेवून घेतल्या.

दुपारच्या धीम्या लोकलमध्ये आम्ही एक लॅपटॉप मांडीवर उघडला. गोरेगाव आले तरी चालूच होता.