लोड घेऊ नकोस!

मराठी विभागाची संपादक लेख मागायला आमच्या रूमवर आली तेव्हा मी तिला सरळ सांगून टाकलं, "अगं, मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता सत्यानाश!" ती दारातूनच म्हणाली, "लोड घेऊ नकोस गं, दे काहीतरी लिहून." ती गेली, पण तिचा तो शब्द काही रूममधून जाईना. म्हटलं चला, याच्यावरच लिहू. शब्द इंग्रजी असल्यामुळे निदान त्याचं तरी शुद्धलेखन चुकणार नाही!

आमच्या लेडीज हॉस्टेलचा दिवस 'लोड'नेच उजाडतो. सकाळी साडेसहाला वरच्या मजल्यावर दोघी-तिघींनी एकदम कॉइल लावली की एमसीबी पडते आणि रेक्टर मॅडम जिन्यातून ओरडतात, "कुणी लोड टाकला?" (कुणीच टाकलेला नसतो. आमच्या हॉस्टेलमध्ये कुणाकडेच कॉइल नाही. पाणी आपोआप गरम होतं.) मेसला जावं तर मावशी म्हणतात, "आज लय लोड हाय, पोहे संपले." कॉलेजात सबमिशनचा लोड, लॅबमध्ये परीक्षा फॉर्मचं पान लोड होत नाही, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो 'लोडेड'. एकच शब्द, पण जो तो आपापल्या सोयीने वापरतो.

माझी रूम पार्टनर सिव्हिलची. तिच्याकडे लोडचे दोन मुख्य प्रकार. भिंती, स्लॅब, म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, तो डेड लोड. आणि माणसं, कपाटं, पलंग असं जे येतं-जातं तो लाइव्ह लोड. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात म्हणे. रविवारी दुपारी दोनपर्यंत मी झोपलेली असले की ती माझ्याकडे बघून म्हणते, "हिला डेडमध्ये धरावं की लाइव्हमध्ये, कोडनुसार सांगता येत नाही."

पण या शब्दाशी माझी पहिली भेट या सगळ्याच्या फार आधीची. सांगलीच्या कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी प्रेअर असायची आणि ती पाठ करण्यासाठी मी घरी मोठ्याने 'ओ लॉर्ड, ओ लॉर्ड' करत फिरायचे. आजी एक दिवस आईला म्हणाली, "ही पोर सकाळी सकाळी लोडाला कशाला गं हाका मारती?" आजीचा लोड म्हणजे आमच्या सोप्यातला, पांढऱ्या खोळीचा, कापूस ठासून भरलेला गोल लोड. त्याला टेकून आजोबा पेपर वाचायचे. आजोबा गेल्यावर त्याला कुणी टेकत नसे, पण आजी दर दिवाळीला त्याची खोळ धुवायची. मी शाळेत जाऊन सिस्टरना विचारलं, "सिस्टर, इज गॉड अ पिलो?" सिस्टर हसल्या नाहीत. घरी चिठ्ठी मात्र आली.

आणि तिसरा लोड पप्पांचा. पप्पांची दहा चाकी ट्रक होती. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद भरून वाशीला जायचं आणि येताना जे मिळेल ते घेऊन यायचं. त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून शंभर वेळा. लोड मिळाला, लोड पलटी केला, रिटर्न लोड नाही, ओव्हरलोडची पावती फाटली. रात्री फोन आला की आई 'जेवलात का' असं विचारायच्या आधी 'लोड मिळाला का' विचारायची. कारण सोपं आहे. जाताना भाडं मिळतं ते डिझेल, टोल, हमालीत जातं, घरात पैसे येतात ते येतानाच्या लोडचे. माझ्या शाळेची फी ही रिटर्न लोडवर चालायची. वाशीत दोन दिवस गाडी रिकामी उभी राहिली की मला घरात कळायचं. भाजीला कांदा कमी व्हायचा आणि आईचा आवाज वाढायचा.

जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकची भारक्षमता वाढवली. पप्पांच्यासारख्या तीन अ‍ॅक्सलच्या गाडीला गाडीच्या वजनासकट २५ टन चालायचे, ते २८.५ झाले. मला वाटलं पप्पा खूष होतील. ते म्हणाले, "पासिंग वाढलं, भाडं न्हाई वाढलं." साडेतीन टन जास्त ओढायचे आणि पैसे तेवढेच! पण त्यांचं एक वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मी विचारलं होतं, मग रिकामी गाडी चालवायला किती मजा येत असेल ना? तर म्हणाले, "रिकामी गाडी उड्या मारती बाळा. भरलेली गाडी रस्ता धरती."

इलेक्ट्रिकलला आल्यावर कळलं की आमचा तर सगळा धर्मच लोड. जनरेटर, लाइन, ट्रान्सफॉर्मर हे सगळे ज्याच्यासाठी राबतात तो शेवटचा बल्ब किंवा पंप म्हणजे लोड. लोड वाढला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून खाली यायला लागते आणि फारच वाढला तर कुणाची तरी वीज तोडावी लागते. माझा जन्म त्या तोडण्याच्या काळातला. २००५ च्या आसपास महाराष्ट्रात भारनियमनाने लोकांचा जीव नको केला होता. भारनियमन हा शब्द पेपरातला. आजी म्हणायची 'लोडशेटिंग', आणि बाळंतिणीच्या खोलीत ती मला दुपारभर पुठ्ठ्याने वारा घालायची असं आई सांगते. ते दिवस गेले, पण आमच्याकडे अजूनही साधा फ्यूज उडाला तरी लोक 'लोडशेटिंग झालं' म्हणतात.

लोड वाढला की त्रास, हे कुणालाही कळेल. लोड गेला की पण त्रास होतो हे मात्र मला पुस्तकात वाचूनही खरं वाटत नव्हतं. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाऊनमध्ये नऊ वाजता नऊ मिनिटं सगळ्यांनी दिवे घालवून पणत्या लावल्या होत्या. मी गच्चीवर मोबाइलचा टॉर्च हलवत होते. त्या वेळी देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. आपलं अख्खं कोयना १९६० मेगावॅटचं, म्हणजे पंधरा कोयना एकदम नको झाल्यासारखं! तेवढी वीज पटकन कमी करायची आणि नऊ मिनिटांनी परत वाढवायची, यासाठी पाण्यावरची केंद्रं तयारीत ठेवली होती. आम्ही गच्चीवर टाळ्या पिटत होतो तेव्हा कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना घाम फुटला असणार.

आता 'लोड घेऊ नकोस' बद्दल. हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हणतो की 'जय हिंद' सारखं निरोपाला वापरतो. फर्स्ट इयरला आमच्या रूममध्ये तिसरी एक मुलगी होती. मराठी मीडियमची, बोर्डात चांगले मार्क मिळवून आलेली. मॅथ्सच्या लेक्चरला तिला इंग्रजी कळायचं नाही. रात्री ती लाइट बंद झाल्यावर हळूच विचारायची, "मला जमंल का गं?" आणि आम्ही दोघी मोठ्या मनाने सांगायचो, "लोड घेऊ नकोस यार, होतं सगळं." मला इंग्रजी येत होतं. रोज अर्धा तास बसून तिला ती नोट्स मराठीत सांगता आली असती. पण वाक्य म्हणायला दोन सेकंद लागतात. सेकंड सेमला तिची कॉट रिकामी होती. आमच्या सूटकेसेस आता तिच्यावर असतात.

तेच वाक्य गेल्या वर्षी मी पप्पांना म्हटलं. जुलैत त्यांच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट पडले, आणि डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आत गाडी विकली. मी हॉस्टेलवरून फोन करून अगदी समजूतदारपणे म्हटलं, "पप्पा, सव्वीस वर्षं ओढलंत. आता मस्त आराम करा. कसला लोड घेऊ नका." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आईला देतो फोन."

दिवाळीला घरी गेले तर वेगळेच पप्पा. पहाटे तीनला उठून बसायचे, कारण तीनला गाडी सुटायची. चालू असलेला मिक्सर उघडून ठेवला. दूधवाल्याशी दोन रुपयांवरून भांडले. दुपारी नाक्यावर जाऊन उभे राहायचे आणि कुणाची गाडी किती भरली आहे ते नुसतं बघून सांगायचे. रात्री जेवताना आईवर ओरडले, मग माझ्यावर, मग ताट सरकवून उठले. आई म्हणाली, "घरात नुसते सुसाट सुटल्यात बघ." मला राग आला होता. एवढा आराम मिळतोय तर माणसाला तो नीट करता येऊ नये?

नंतर डिसेंबरात मशीन्सची ओरल होती. एक्स्टर्नल सरांनी नेहमीचाच प्रश्न टाकला, डीसी सिरीज मोटर लोड न लावता का चालू करायची नाही? हा प्रश्न दरवर्षी येतो, सीनियर्सनी लिहूनच दिलाय. मी घडाघडा सांगितलं. सिरीज मोटरमध्ये लोडचा करंटच फील्डमधून जातो. लोड नाही तर करंट कमी, करंट कमी तर फ्लक्स कमी, आणि फ्लक्स कमी झाला की स्पीड वाढतच जातो. (रिकामा मिक्सर कसा किंचाळतो, तोच प्रकार.) मुंबईच्या जुन्या लोकल याच मोटरवर धावायच्या, कारण भरलेली गाडी जागेवरून हलवायला हिच्यासारखी ताकद नाही. सर म्हणाले, "गुड. अँड व्हॉट हॅपन्स टु द मशीन?"

"इट रेसेस, सर. इट डिस्ट्रॉइज इटसेल्फ."

बोलले आणि गप्पच झाले. सरांना वाटलं पुढचं विसरले. मार्क दिले पण पूर्ण.

त्या दिवशी कॅन्टीनला न जाता मी लायब्ररीत जाऊन बसले आणि उगाच डिक्शनरीत 'लोड' उघडला. कॉन्व्हेंटची सवय, दुसरं काय! तर तिथे मजाच. हा शब्द मुळात ओझ्याचा नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वाट, प्रवास, वाहून नेणं, आणि उच्चार जवळजवळ आपल्या 'लाड' सारखा. ओझं हा अर्थ नंतर चिकटला. त्याचाच एक जुना भाऊ 'लोडस्टोन' या शब्दात राहिलाय, म्हणजे वाट दाखवणारा दगड, चुंबक. पप्पा सव्वीस वर्षं हा शब्द जसा वापरत होते तसाच तो होता, आणि त्यांच्याजवळ डिक्शनरी नव्हती.

मी माझ्या चुलतभावाला फोन लावला. त्याच्या दोन गाड्या आहेत आणि वाशीहून रिटर्न मिळत नाही म्हणून तो कायम रडत असतो. म्हटलं, "दादा, पप्पांना काम दे. बसल्या जागचं दे, पण दे." तो म्हणाला, "अगं काकांची तब्येत बघ. त्यांना आणि कशाला लोड?" मी म्हटलं, "तोच दे." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बसून करायचं असेल तर चालेल, जागरण नको, चिडचिड नको. आई मात्र महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. "उद्या काही झालं म्हंजे? वीस वर्षांची पोरगी तू, तुला काय कळतंय?" तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. रात्री उशिरा घरचा नंबर दिसला की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

आता पप्पा सकाळी नाष्टा करून सोप्यात बसतात. आजीचा लोड पाठीशी, समोर वही, दोन मोबाइल. वाशीतल्या प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर त्यांना पाठ आहे, आणि कुणाचं भाडं कुठपर्यंत ताणायचं तेही. दादाच्या गाड्या हल्ली रिकाम्या येत नाहीत. मिक्सर दुकानात देऊन दुरुस्त करून आणला. परवा हा लेख लिहिताना एक शंका आली म्हणून फोन केला, गाडीच्या मागच्या फळीला फाळकाच म्हणतात ना? म्हणाले, "फाळकाच. आणि काय? बोल लवकर." मी म्हटलं, सहज, बोलायचं होतं थोडं.

"संध्याकाळी बोल बाळा. आता ठेव. वाशीत गाडी उभी हाय, लोड बघायचाय."