शेजाऱ्यांचे चेहरे, भिंतीएवढे

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची मुलं शेजाऱ्यांचे मोठे फोटो शाळेच्या कुंपणभिंतीवर चिकटवणार होती आणि सोबत कुणीतरी मोठं हवं होतं. मी हो म्हटलं. कलेतलं मला काही येत नव्हतं, म्हणून पहिला धडा मुलांनीच दिला. जेआर या फ्रेंच कलावंतानं २०११ मध्ये ‘इनसाइड आउट’ सुरू केलं : आपल्याच माणसांचे कृष्णधवल फोटो मोठे छापायचे आणि भिंतींवर लावायचे. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्येही तिथल्या कोळी मंडळींचे चेहरे असेच लागले होते. मी एवढी वर्षं मुंबईत राहून ते पाहिलेच नव्हते.

फोटो काढायचा म्हणजे मोबाइल समोर धरायचा, एवढंच मला ठाऊक. नववीतल्या मुलीनं फ्लॅश बंद करायला लावला. माणसाला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवायचं आणि मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. इस्त्रीवाले मामा आधी “नको” म्हणाले. ती म्हणाली, “मामा, तुम्हाला हवा तसाच काढू. छापायच्या आधी दाखवू, नाही आवडला तर लावणार नाही.” मामांनी इस्त्री बाजूला ठेवली, तोंड धुतलं, शर्ट बदलला. मी रोज त्यांच्याकडे कपडे देते, पण त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

छपाईत एक चेहरा सोळा ए-थ्री कागदांवर वाटला जातो. चार उभे, चार आडवे जोडले की साडेपाच फूट उंचीचा माणूस तयार. छपाई लेझर प्रिंटरवरच करायची, कारण इंकजेटची शाई ओली झाली की पसरते. कागद पातळ हवा, म्हणजे खळ आत मुरते. टेबलावर मला नुसते काळे ठिपके दिसत होते. मुलांनी मला लांब उभं केलं, तेव्हा त्यातून भाजीवाल्या मावशी हसल्या.

खळ मी घरी केली. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडून दाट होईपर्यंत ढवळायचं. पण ती लावण्याआधी भिंतीचे पोपडे खरवडावे लागतात, नाहीतर रंगासकट कागद सुटून येतो. भिंतीला खळ, त्यावर कागद, वरून पुन्हा खळ. “काकू, ब्रश मधून कडेकडे,” एक मुलगा सांगत राहिला. तसा फिरवला की आत अडकलेली हवा बाहेर जाते.

पावसाळ्यात हे कागद जाणार, हे मुलांना आधीपासून माहीत आहे आणि त्याचं त्यांना दुःख नाही. पुढच्या वर्षीची यादी सुरू झाली आहे. आधी दार लावून घेणाऱ्या दोन आजींनी त्यात स्वतःहून नावं दिली. मला कागद अजून सरळ लावता येत नाही. पण चेहरा मागायला गेलं की दारात थांबायचं, पाणी प्यायचं, दोन गोष्टी ऐकायच्या, हे मला येऊ लागलं आहे. या कामाचा मोठा भाग तोच आहे, असं मला मनापासून वाटतं.