खानदेशातला डिसेंबर

डिसेंबर लागला की आजोबांचा मुक्काम केळीच्या बागेत असायचा. थंडीचा कडाका वाढला की केळीवर चरका येतो, पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. म्हणून रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. त्या धगीशी बसून आजोबा फैजपूरची गोष्ट सांगत.

27 आणि 28 डिसेंबर 1936. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. आजोबा तेव्हा शाळकरी पोर. ठराव त्यांच्या डोक्यावरून गेलेले. लक्षात राहिलं ते अधिवेशनासाठी उभारलेलं बांबूंचं टिळकनगर आणि नेहरूंचा बैलांचा रथ. बैलांच्या झुलीवर ते इतकं बोलत की नेहरू मागे पडत! गांधीजींना अधिवेशन खेड्यातच हवं होतं, तेही खेड्यातल्याच सामानातून उभं राहिलेलं. नंदलाल बोस यांनी ते तसं सजवलं. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. त्यांचा जन्मदिवसही 24 डिसेंबर, जन्म कोकणातला, पण आम्ही त्यांना अमळनेरचेच मानतो. शेतसारा, खंड आणि कर्जाचं ओझं हलकं करण्याचा कार्यक्रम याच अधिवेशनाने देशापुढे ठेवला, हे मला फार पुढे वाचून कळलं. शेतकऱ्याच्या दारात बसून शेतकऱ्याचं बोलणं झालं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कॉलेजसाठी धुळ्याला गेलो आणि डिसेंबरची आणखी एक तारीख कळली. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच गेले, 31 डिसेंबर 1926 ला. आयुष्यभर हा माणूस गावोगावच्या वाड्यांतून जुने कागद गोळा करत फिरला. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले. धुळेकरांनी नवव्या दिवशी, 9 जानेवारी 1927 ला, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केलं. सुतकाचे दिवस सरायच्या आत! दुःख करत बसण्यापेक्षा कागद सांभाळायला घेतले, ही मला धुळ्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तिथे पहिल्यांदा मोडीतलं जुनं पत्र जवळून पाहिलं. कडा तपकिरी झालेल्या, घडीवर कागद विरलेला, शाई मात्र काळीभोर. बोट लावायचा धीर झाला नाही.

तिसरी तारीख आईमुळे आली. तिचं माहेर आसोद्याचं, कवयित्री बहिणाबाईंच्या माहेरचं गाव. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या, तेव्हा त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालेलं नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात आणि मुलगा सोपानदेव नि त्यांचे मावसबंधू ती उतरवून ठेवत. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. आई ती गाणी पुस्तक न उघडता म्हणायची, आणि आमच्या बोलीचा एकही शब्द कुणी ‘शुद्ध’ केलेला तिला खपत नसे. अक्षरओळख नसलेल्या या माउलीचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे.

नातीला मी या तारखा पाठ करायला लावत नाही. गेल्या डिसेंबरात तिला धुळ्याला नेलं, मोडीतली पत्रं दाखवली. यंदा आधी आसोदा, मग फैजपूर. आणि येताना भरिताची वांगी बामणोदचीच घ्यायची, असं तिने आत्ताच बजावून ठेवलंय.