सुंठ, काकवी आणि जबलपूरचा ‘बडा दिन’

जबलपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतात ते भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा धबधबा. नर्मदा परिक्रमा केलेल्यांना ग्वारीघाट आठवतो, तर खवय्यांना खव्याची काळसर जिलबी. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या शहरात पाऊल ठेवले, तर त्याची आणखी एक ओळख होते आणि तीही डोळ्यांआधी नाकाला. पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असतो. छावणीला लागून असलेल्या सदर बाजारातून किंवा रेल्वे वसाहतीच्या बाजूने जाताना एखाद्या बेकरीतून सुंठ, लवंग, दालचिनी आणि तापलेल्या गुळाचा मिश्र वास येतो. नाताळ जवळ आल्याची ही वर्दी असते. नाताळ हा शब्द आपला, मराठी माणसाचा. जबलपूरकर मात्र त्याला ‘बडा दिन’ म्हणतो.

या बड्या दिवसाच्या फराळात फळांचा केक असतोच. शिवाय शिंपल्याच्या आकाराचे, आपल्या शंकरपाळ्यांच्या जातकुळीतले कलकल असतात, लोखंडी साच्याने तळलेली गुलाबाच्या आकाराची कुरकुरीत ‘रोझ कुकी’ असते आणि नावाने ‘वाइन’ असली तरी मुलांनाही बिनदिक्कत देता येते असे आल्याचे मसालेदार सरबतही असते. याच ताटात एका कोपऱ्यात तपकिरी रंगाची, वरून भेगाळलेली गोल बिस्किटे दिसतात. ही सुंठ आणि उसाच्या काकवीची बिस्किटे. दिसायला अगदी साधी, पण त्यांच्या मागे या शहराचा दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

रुळांवरून आलेली चव

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यानंतर ते इंग्रजांकडे गेले आणि येथे छावणी वसली. पुढे रेल्वे आली. अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला. मुंबईकडून येणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ त्याला येऊन मिळाले आणि ७ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत हा मार्ग खुला झाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोखंडी रुळांनी जोडली गेली ती जबलपूरला! ज्यूल व्हर्न यांच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या प्रसिद्ध कादंबरीतल्या नायकाला मध्य भारतात रूळ संपल्यामुळे हत्ती विकत घ्यावा लागतो. ही कादंबरी १८७३ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा प्रत्यक्षात आगगाडी जबलपूरवरून सरळ धावत होती, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रेल्वेबरोबर इंजिन ड्रायव्हर, गार्ड, तारबाबू आले. त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या आणि साहेब लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. सेंट अलॉयशियस ही शाळा १८६८ मधली, तर क्राइस्ट चर्च १८७० मधली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि वस्ती आणखी वाढली. ही मंडळी घरात हिंदी-इंग्रजी मिश्र बोलत, दुपारी डाळभात खात आणि डिसेंबर उजाडला की आजीच्या वहीतली इंग्लंडच्या थंडीतली पक्वान्ने काढीत.

अशा वह्यांत एक अडचण असे. विलायती कृतीत ‘ट्रीकल’ किंवा ‘मोलॅसिस’ हवे असते. साखर तयार करताना स्फटिक काढून घेतल्यावर जो काळा, दाट, कडवट गोड पाक उरतो, त्याचे हे खाण्याजोगे रूप. विलायती डबा महाग आणि सगळीकडे मिळणाराही नव्हे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतली मळी मद्यार्काच्या भट्ट्यांकडे जाते, ती स्वयंपाकघरात आणायची वस्तू नाही. मग पर्याय कोणता? तो तर जबलपूरच्या अंगणातच होता.

नर्मदाकाठचा ऊस

जबलपूरहून इटारसीकडे निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर करेली लागते. नरसिंहपूर जिल्ह्यातले हे गाव गुळासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. नर्मदेच्या खोऱ्यातली काळी, कसदार जमीन आणि तिच्यातला ऊस! दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात आणि नाताळाच्या तोंडावर ताज्या गुळाच्या ढेपी जबलपूरच्या बाजारात येऊन पडतात. गूळ पूर्ण घट्ट होण्याआधी जो पातळ, दाट रस मिळतो त्याला इकडे ‘राब’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडची आपली काकवी तिची सख्खी बहीण. मळीसारखा कडवटपणा तिच्यात नसतो, पण रंग, ओलावा आणि खमंगपणा या तिन्ही गोष्टी ती बिस्किटाला देते.

या उसाशी जबलपूरच्या एका प्रसिद्ध साहेबाचेही नाव जोडलेले आहे. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन यांची कारकीर्द जबलपूरला गाजली. मॉरिशसहून ओटाहिटी जातीचा जाड ऊस या भागात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८२९ मध्ये त्यांनी जबलपुरातच लग्न केले. त्यांची पत्नी अमेली ही मॉरिशसमध्ये ऊसमळे असलेल्या फ्रेंच घराण्यातली. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे स्लीमन यांनी नोंदवलेल्या ठगांच्या जबान्यांतही गूळ आहे. हत्येनंतर देवीपुढे ठेवलेला गूळ वाटून खाण्याचा विधी ते करीत आणि तो गूळ एकदा चाखला की माणूस या धंद्यातून सुटत नाही, अशी त्यांची श्रद्धा असल्याचे त्यांत म्हटले आहे. ठगांविषयीच्या या साऱ्या चित्राकडे आजचे इतिहासकार सावधपणे पाहतात. पण ज्या गावात गुळाची अशी भयकथा सांगितली गेली, त्याच गावात तो बड्या दिवसाच्या बिस्किटांत गेला, हे खरे.

शृंगवेर ते जिंजर

एका परीने पाहिले तर ही बिस्किटे परदेशी नाहीतच. ‘जिंजर’ या शब्दाचा माग काढला की लॅटिन ‘झिंगिबर’ मार्गे आपण प्राकृत आणि संस्कृत ‘शृंगवेर’ पर्यंत येतो. ‘शुगर’चे मूळ ‘शर्करा’त आणि ‘कँडी’चे ‘खंड’ म्हणजे खडीसाखरेत आहे. भारतातून आणि पूर्वेकडून सुंठ, लवंग, दालचिनी युरोपात गेली. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात या मसाल्यांचे मधातले ‘लेबकुखेन’ प्रसिद्ध झाले. उत्तर इंग्लंडमध्ये ओटचे पीठ आणि ट्रीकल घालून ‘पार्किन’ होऊ लागले. अमेरिकेत मधाऐवजी मोलॅसिस आले. ते कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतले होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा घाम होता. गुलामी संपल्यावर त्यातल्या काही मळ्यांत १८३८ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिये मजूर नेण्यात आले. म्हणजे आपला मसाला गेला, आपला ऊस गेला, पुढे आपली माणसेही गेली आणि शेवटी त्या साऱ्याचे बिस्किट होऊन जबलपूरच्या भट्टीत परत आले!

ओल्या आल्याऐवजी सुंठच का, असा प्रश्न गृहिणींना पडेल. एक कारण उघड आहे. ओल्या आल्याच्या पाण्याने बिस्किट मऊ पडते. दुसरे कारण रसायनशास्त्राचे. आले वाळते तेव्हा त्यातल्या जिंजरॉल या द्रव्याचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि ते अधिक तिखट असते. म्हणून चिमूटभर सुंठीचा झटका वाटीभर आल्याला येत नाही. आपल्या आज्यांनी गुळाच्या पाकात सुंठ घालून वड्या केल्या, त्या या अनुभवावरच.

भट्टीपुढची रांग

घरोघरी ओव्हन येण्याआधी उत्तर आणि मध्य भारतातल्या गावांत नाताळचा केक आणि बिस्किटे बेकरीच्याच भट्टीत भाजली जात. जबलपूरही त्याला अपवाद नाही. मैदा, तूप, गूळ, अंडी, मसाला असे सारे सामान घरून न्यायचे, कारागिराकडून मळून घ्यायचे आणि डबा किंवा पत्रा भट्टीत जाईपर्यंत आपल्या माणसाने शेजारी बसून राहायचे. आपले साजूक तूप आपल्याच डब्यात गेले की नाही, यावर नजर हवी ना! प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. रात्र चढत जाते, थंडी वाढते, चहाचे पेले फिरतात आणि वर्षभर न भेटलेली कुटुंबे भट्टीच्या उबेला बसून एकमेकांच्या मुलांची चौकशी करतात.

भट्टीचे तंत्रही पाहण्यासारखे असते. आत लाकडे पेटवून विटा तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि ओल्या पोत्याने तळ पुसून घेतात. कडक आचेवर आधी पाव. आच उतरली की केक आणि त्याहून उतरली की बिस्किटे. तापमापक नसतो. कारागीर तोंडाशी हात धरून अंदाज घेतो. भट्टीवाला बहुधा मुसलमान, पत्रे ख्रिस्ती घरांतले. आणि दिवाळीआधी अशाच भट्टीपुढे नानकटाईचे पत्रे घेऊन मराठी घरांतल्या बायका बसलेल्या असत. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात जबलपूर १८६१ पासून होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ही दोन शहरे एकाच राज्यात राहिली. त्यामुळे वकील, शिक्षक, सरकारी नोकर अशी मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. नानकटाई आणि सुंठीचे बिस्किट यांची ओळख या शहरात जुनी आहे.

घरी करायची तर

ओव्हन असलेल्या घरी ही बिस्किटे सहज होतात. पाव किलो मैदा, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, दोन चमचे सुंठपूड, एक चमचा दालचिनीपूड, पाव चमचा लवंगपूड आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावे. सव्वाशे ग्रॅम लोणी आणि शंभर ग्रॅम बारीक चिरलेला गूळ हलका होईपर्यंत फेटावा. त्यात चार मोठे चमचे काकवी आणि एक अंडे घालावे. अंडे चालत नसेल तर तीन मोठे चमचे दूध घ्यावे. मग मैदा हलक्या हाताने मिसळावा. गोळा फारच सैल वाटला तर एक-दोन चमचे मैदा वाढवावा. तासभर थंड जागी झाकून ठेवावा, म्हणजे मसाला मुरतो आणि बिस्किटे पसरत नाहीत. लिंबाएवढे गोळे करून साखरेत घोळवावेत व पत्र्यावर अंतर ठेवून मांडावेत. १८० अंश सेल्सिअसवर दहा ते बारा मिनिटे पुरतात. बाहेर काढताना मध्यभाग मऊ लागतो, तो निवल्यावर घट्ट होतो. वरच्या भेगा हा दोष नव्हे. काकवी व गूळ किंचित आम्ल असतात, सोड्याशी त्यांचा संयोग होऊन वायू सुटतो आणि तोच या भेगा पाडतो. हवाबंद डब्यात ठेवल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव आणखी खुलते.

उरलेली वही

मात्र भट्टीपुढची रांग आता पूर्वीसारखी लांब राहिलेली नाही. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला निघून गेली. राज्यघटनेने रेल्वे, टपाल, तार आणि जकात खात्यांतल्या नोकऱ्यांत त्यांना दिलेली विशेष सवलत टप्प्याटप्प्याने कमी होत १९६० मध्ये संपली. वाफेची इंजिने गेली. लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नेमण्याची तरतूदही जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. घराघरांत विजेचे ओव्हन आले, तयार केकची खोकी आली. रात्रभर भट्टीशी बसायला तरुणांना वेळ कुठला? ते शिकायला आणि नोकरीला पुण्या-बंगळुरूला असतात.

समाज लहान झाला की त्याचे पदार्थ दोन मार्गांनी जातात. एक तर ते वहीत राहतात आणि वही ज्याच्या हाती लागते त्याला औंस-छटाकाचा हिशेब उमगत नाही. नाहीतर ते शेजाऱ्याकडे जातात. जबलपूरच्या बिस्किटांपुढे हा दुसरा मार्ग मोकळा आहे. आपल्याकडे शेजारून आलेले ताट रिकामे परत करण्याची पद्धत नाही. २५ डिसेंबरला आलेले सुंठीच्या बिस्किटांचे ताट तीन आठवड्यांनी संक्रांतीला गूळपोळी आणि तिळाच्या वड्या घेऊन परत जाते. तोच करेलीचा गूळ या पदार्थातून त्या पदार्थात फिरतो. ज्या घरात गूळपोळी लाटली जाते त्या घराला हे बिस्किट शिकायला एक दुपार पुरे. शिकवणारी आजी शेजारी आहे तोवर तिच्याकडून ते शिकून घ्यावे, एवढेच.

जबलपूरला जायला डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनी, लखनादौनमार्गे मोटारीनेही जाता येते. सकाळी भेडाघाटला नौकेतून संगमरवरी कडे आणि मग धुवांधार पाहावा. संध्याकाळी सदर बाजारात फेरी मारावी, चर्चवरची रोषणाई पाहावी. परतताना पिशवीत करेलीच्या गुळाची एक ढेप आणि पाव किलो सुंठ जरूर घ्यावी. पुढच्या आठवड्याचा बेत आपोआप ठरेल!