मुसीकाठची चिंच

हैदराबादेस जाणारा प्रवासी चारमिनार पाहतो, गोवळकोंड्याचा किल्ला चढतो आणि परततो. आम्ही मात्र मुसी नदीकाठच्या एका चिंचेसाठी मुद्दाम वाट वाकडी केली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात हा जुना वृक्ष उभा आहे. संगतीस आमचा अठरा वर्षांचा भाचा होता. चुलत्याने शेताचा बांध कोरल्यापासून 'एक दिवस उट्टे काढीन' हाच त्याचा जप चालला होता.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या या नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे प्राणांस मुकली, असा अंदाज आहे. त्या प्रलयात या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास जीव तगले, असे येथे सांगतात. झाडाने कोणाची जात वा धर्म विचारला नाही. एरवी चिंचांसाठी त्याला धोंडे मारणारे हातही त्या दिवशी त्याच्याच फांद्यांना बिलगले असतील.

भाचा बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, झाडाचे ठीक आहे. पण एवढी माणसे गिळणाऱ्या नदीचे लोकांनी काय केले?"

प्रश्न मार्मिक होता. नदीवर सूड कोण उगवणार? निजाम सरकारने अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुराचे पाणी शहराच्या वरच्या अंगासच अडवावे, असा त्यांनी सल्ला दिला. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. ज्या नद्यांच्या पाण्याने घरे बुडविली, तेच पाणी पुढे नळांवाटे घरोघरी पिण्यास आले.

क्षमा म्हणजे विसर नव्हे. नगर तो पूर विसरले असते, तर जलाशय झाले नसते. तळी आणि नाले बुजवून माणूस पाण्याची वाट विसरला की काय होते, हे ऑक्टोबर २०२० च्या पुराने पुन्हा दाखविले. क्षमा करणारा घाव ध्यानात ठेवतो. मात्र त्या आठवणीतून तो धरण बांधतो, सुरा घडवीत नाही.

कितीदा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर आपण सारे जाणतो. ते आचरणे कठीण आहे. भाच्यानेही तेथे कोणतेच वचन दिले नाही. परतीच्या गाडीत मात्र त्याने हळूच विचारले, "मामा, काकांना बरोबर घेऊन बांधाची सरकारी मोजणी करून घेता येईल ना?"

"येईल," आम्ही म्हणालो, आणि मनोमन देवाचे आभार मानले.