गाडीवरचा रेडिओ आणि सुप्याचं पाणी

खानापूर, लोंढा मागे पडलं की जोयडा तालुका आल्याचं पाटीच्या आधी अंगाला कळतं. हवेत गारवा येतो, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी सावल्या पसरतात आणि मोबाइलवरच्या दांड्या एकेक करून गळू लागतात. आमच्या कॉलेजची मुलं हल्ली या रस्त्याने अणशी घाट उतरून कारवारला जातात ती हेल्मेटात ब्लूटूथ घालून. गाणी घरूनच भरून घेतलेली असतात. त्यांना पाहिलं की मला माझा खटाटोप आठवतो. सांगितला तर हसतील, म्हणून त्यांना कधी सांगितला नाही.

गोष्ट २००७ सालची. मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकताच शिकवायला लागलो होतो. हातात सेकंडहँड बुलेट होती आणि घरात वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ. त्या वर्षांत ज्यांच्या घरी तो होता त्यांना वेगळं सांगायला नको. ए. आर. रहमान त्याच्या जाहिरातीत दिसत. वर्षाची वर्गणी भरायची आणि तळहाताएवढी चौकोनी अँटेना खिडकीत ठेवायची. मग २००० साली सोडलेल्या ‘एशियास्टार’ उपग्रहावरून खरखरीशिवाय गाणं येई. आमच्या घरी एकच वाहिनी चाले, ‘गंधर्व’. दिवसरात्र हिंदुस्थानी संगीत. आमचे एक कन्नड शेजारी कर्नाटक संगीताची ‘श्रुती’ लावून घ्यायला संध्याकाळी येत आणि चहा होईपर्यंत तेही ‘गंधर्व’मध्येच रमत. धारवाडच्या माणसाला काय, मन्सूरअण्णा लागले की भाषेचा प्रश्न मिटतो.

हा रेडिओ बुलेटवर चढवायचं माझ्या डोक्यात आलं. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या गाड्यांवर असा रेडिओ असतो हे वाचलं होतं. बेळगावात एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो म्हणाला, “सर, लोक बुलेट घेतात ती तिचा आवाज ऐकायला. तुम्ही दुसरा कशाला आणताय?” तरी त्याने बॅटरीच्या बारा व्होल्टांतून संचाला लागतील तेवढे काढायला एक छोटा रेग्युलेटर बसवून दिला. पहिल्या दिवशी मी तारा उलट जोडल्या आणि फ्यूज उडवला. दुसऱ्या दिवशी संच टाकीवरच्या बॅगेत गेला. अँटेना मागच्या डब्यावर तिरपी बांधली.

खरी अडचण आकाशात होती. एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आपल्या भागातून पाहिलं तर पूर्वेला, किंचित आग्नेयेकडे झुकून, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. अँटेनेचं तोंड तिकडे हवं आणि मध्ये काही आडवं येता कामा नये. या लहरींना पावसाचं काही वाटत नाही, पण झाडांची दाट पानं त्यांना अडवतात. अमेरिकेतल्या कंपन्यांनी शहरांत जमिनीवरही मनोरे उभारले होते. भारतात तशा मनोऱ्यांना परवानगीच मिळाली नाही. म्हणजे चालत्या गाडीवर वाजण्यासाठी आपल्याकडची ही सोय नव्हतीच. आणि मी तो घेऊन निघालो होतो कुठे, तर जोयड्याच्या जंगलात!

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कुंभारवाड्याला एक बारसं होतं. रामनगरहून मामांना मागे बसवलं. मामीने त्यांना मफलर गुंडाळला आणि मला, “हळू चालव हं,” असं तीनदा सांगितलं.

मामा मूळचे सुप्याचे. आजच्या मुलांना हे गाव नकाशावर सापडणार नाही. पूर्वी तालुक्याचं नावच सुपा होतं. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं धरण झालं. १९८७ साली ते पुरं झालं, तोवर गाव पाण्याखाली गेलं होतं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, माणसं रामनगरच्या वसाहतीत आली. मामांच्या घरी बोली कोकणी, शाळा मराठी आणि कचेरीतले कागद कन्नड. घर सोडताना त्यांनी खिडकीतला जुना रेडिओ मांडीवर घेऊन ट्रकमधून प्रवास केला, असं आई सांगायची. धारवाड आकाशवाणीवर रात्री गाणं असलं की त्या खिडकीखाली शेजारची माणसं येऊन बसत.

मामा स्वतः यातलं काही बोलत नसत. एवढंच की एसटीने जोयड्याला जाताना ते नेहमी डाव्या खिडकीशी बसत. पाणी उजवीकडे दिसतं.

जगलबेटपर्यंत रेडिओने मला पुरतं लाजवलं. भाताच्या मोकळ्या खाचरांजवळ चार सेकंद तानपुरा, की वळण, की शांतता. पुन्हा दोन सेकंद तबला. मामा मागून म्हणाले, “अरे, हा गवई दर वळणावर पाणी प्यायला थांबतो काय?” गणेशगुडीच्या पुढे तर नुसतं जंगल. सूरही नाही आणि अक्षरही नाही.

मी हट्टाला पेटलो. मोकळं आकाश हवं होतं आणि या भागात ते एकाच ठिकाणी मिळतं. मी मामांना न विचारता आडवाटेने गाडी खाली घातली. झाडी संपली आणि गवताच्या उतारापुढे सुप्याचं पाणी आलं. गाडी बंद केल्यावर मला कळलं, मी त्यांना कुठे आणलं ते.

मामा काही बोलले नाहीत. उतरले, डब्यावरची अँटेना सोडवून हातात घेतली आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. तसं उभं राहायला त्यांना कारणही मिळालं होतं, उपग्रह त्याच दिशेला होता. मी संचावरचा काटा बघून सांगत होतो, “थोडं वर. डावीकडे. बस्स.”

आणि गाणं लागलं. मन्सूरअण्णाच होते. राग मला ओळखता आला नाही. मामांना आला, पण त्यांनी सांगितला नाही.

वाटेने जाणारे एक वनरक्षक सायकल थांबवून संशयाने खाली आले. “एन्री इदु?” मी म्हटलं, “रेडिओ री.” त्यांनी तारेकडे पाहिलं, मामांच्या हाताकडे पाहिलं, मग आवाज ओळखून टोपी काढली आणि आमच्याशेजारी गवतात बसले.

दहाएक मिनिटांनी मामांचा हात भरून आला. त्यांनी अँटेना एका दगडाला टेकवली, नीट रोखली आणि ते वळले. पाण्यातून काही वाळके बुंधे वर आले होते. मामा बुंध्यांच्या मधली जागा बघत होते. “बाजार तिकडे,” ते म्हणाले, “आमचं घर त्याच्या मागं. ह्या वेळेला ऊन ओसरीवर यायचं.” मग वनरक्षकांशी कन्नडमध्ये बोलू लागले. त्यांची आजी सुप्याच्या बाजाराला येत असे, असं निघालं. मला वीस वर्षांत न कळलेली नावं त्या अर्ध्या तासात कळली. बारशाला आम्ही पोहोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. मामीच्या फोनवर बोलणी बसली ती माझ्या एकट्याच्या नावावर.

पुढे तो संच मी मामांनाच देऊन टाकला. वर्ल्डस्पेसने अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. त्या रात्री मामा जागे होते, असं मामीने सांगितलं. बंद झाल्यावरही त्यांनी संच लगेच काढला नाही.

आता मामा नाहीत. मागच्या महिन्यात रामनगरला गेलो होतो. संच माळ्यावर गेलाय, पण अँटेना मामांच्या खोलीत खिडकीतच आहे. मामी रोज पुसून पुन्हा होती तशीच ठेवते. मी निरखून पाहिलं. उपग्रह पूर्वेला होता. तिचं तोंड दक्षिणेला आहे, सुप्याकडे.