भूतकाळ नसलेला नायक

राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. या दीर्घायुष्याचे श्रेय सामान्यतः त्याच्या वास्तवदर्शनाला आणि मनोज बाजपेयी यांच्या भिकू म्हात्रेला दिले जाते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. सातपुड्यातील मोलगीहून शिक्षणासाठी खाली उतरलेल्या प्रेक्षकाची नजर भिकूवर नव्हे, सत्यावर खिळते.

गुन्हेगारपटाचा नायक एरवी भूतकाळाने बांधलेला असतो. ‘दीवार’मधील विजयचा भूतकाळ तर त्याच्या हातावरच गोंदलेला आहे, ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात (१९७४) निर्वासित मुलाच्या गावाचे नावच त्याचे आडनाव होऊन बसते. सत्याला मात्र आडनावही नाही. तो कोठला, कोणाचा, याविषयी अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची संहिता जवळजवळ मौन पाळते. या मौनात अस्तित्ववादी परात्मता वाचण्याची सोय आहे, आणि समीक्षेला अशा सोयी आवडतात. मोलगीच्या प्रेक्षकाला मात्र ते मौन म्हणजे एक चैन वाटते.

कारण त्याला ती कधी परवडलेली नाही. घाट उतरताच त्याला प्रथम आडनाव विचारले जाते. पुढचे सारे विचारणारा मनाशीच ठरवून टाकतो. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचे कागद शोधावे लागतात. वडील कसत आलेल्या वनजमिनीवर २००६ च्या कायद्यानुसार हक्क सांगायचा, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या पिढ्यांची स्मृती मुख्यतः मौखिक राहिली, त्यांनी ती कागदावर दाखवावी अशी ही अपेक्षा! अशा माणसासमोर पडद्यावर एक इसम नुसत्या नावानिशी मुंबईत उतरतो. तुरुंगातील एका मारामारीवर भिकूला त्याची पारख पटते आणि कुळाची चौकशी न करता तो त्याला खोली मिळवून देतो. या प्रेक्षकाला पिस्तुलापेक्षा ही खोली अधिक मोहक वाटली, तर त्यात नवल नाही.

चित्रपट हा मोह पुरवतो, पण निभावू देत नाही. चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत भाऊचा खून करतानाही सत्या त्या गर्दीतला एक निनावी माणूसच असतो. शेजारच्या विद्येनेही त्याच्याविषयी फारसे काही विचारलेले नसते. अखेरीस तो कोण हे तिला कळते, आणि ती दार उघडत नाही.